काचेचं यान उडेल का?

प्रश्न : ताई, मी दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहितो. शुभांशु शुक्ला २०२५ साली अंतराळस्थानकावर गेले, तेव्हाचा खिडक्यांच्या घुमटातला त्यांचा फोटो पाहिला आणि डोक्यात एक यान तरंगू लागलं. दहा मीटर व्यासाचा गोल, अखंड पारदर्शक, कुठेही भिंत म्हणून नाही. ते ‘पारदर्शक ॲल्युमिनियम’चं आहे असं मी लिहिलं. संपादकांनी ‘हे शक्य आहे का, कुणा जाणकाराला विचारा’ असा शेरा मारून कथा परत पाठवली. तर विचारतो. (एक कथालेखक, सातारा)

उत्तर : तुमच्या संपादकांना माझा नमस्कार कळवा. यानात प्रेमकथा रंगत असेल तर भिंतीचं कोण विचारतो, असं म्हणून कथा छापून मोकळे होणारेच जास्त.

आधी माझा कल सांगते. माझी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात साईट ग्लास बनवण्यात गेली. केमिकल कारखान्यात रिॲक्टरच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसावं म्हणून जी जाड गोल काच बसवतात, ती. आत दाब, आम्ल आणि वाफ. बाहेर वीतभर अंतरावर ऑपरेटरचं नाक. त्या नाकाची काळजी करत मी काचा पास-नापास केल्या. त्यामुळे तुमच्या यानाचं कौतुक करण्याआधी मी त्याच्याकडे इन्स्पेक्शनच्या टेबलावरूनच बघणार.

तुमच्या गोलात माणसं श्वास घेतात, म्हणजे आत एक वातावरणाचा दाब आहे. बाहेर काहीच नाही. हा दाब दर चौरस मीटरला सुमारे दहा टन भरतो आणि तो कवचाला आतून बाहेर ढकलतो. गोल आकार निवडलात ते उत्तम केलंत, दाबाला याहून सोयीचा आकार नाही. आता हिशेब. कवचातला ताण काढायचा तर दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. वर्षानुवर्षं ताणाखाली राहणाऱ्या काचेवर मी दर चौरस मिलिमीटरला एका किलोपेक्षा जास्त भार टाकणार नाही. त्या हिशेबाने तुमच्या कवचाची जाडी येते २५ मिलिमीटर. पृष्ठभाग ३१४ चौरस मीटर, काच शुद्ध सिलिकाची धरली तर वजन सतरा टनांच्या वर. हाच गोल ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला, त्यावर दहापट ताण टाकला, तर अडीच मिलिमीटर जाडीत आणि दोन टनांत काम होतं.

म्हणजे नुसत्या आकडेमोडीत तुमचं यान उभं राहतं. आठपट जड, पण कथेत इंधन फुकट असतं. खरी अडचण मी तो एक किलोचा आकडा का धरला, तिथे आहे.

काच मुळात कमजोर नाही. ए. ए. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने फार्नबरो इथल्या विमानसंशोधन केंद्रात काचेचे धागे ओढून तोडून पाहिले आणि १९२१ साली जे छापलं, त्यावर आमचा सगळा धंदा अजून चालतो. धागा जितका बारीक आणि ताजा, तितका तो भयानक मजबूत. तावदान मात्र त्याच्या कितीतरी कमी ताणाला फुटतं, कारण त्याच्या अंगावर डोळ्याला न दिसणारे ओरखडे असतात. ताण त्या ओरखड्याच्या टोकाशी गोळा होतो. धातूत असं झालं की तिथला धातू थोडा वाहतो, टोक बोथट होतं, चीर थबकते. काचेत वाहायला काही नाही. चिरेला थोपवून धरण्याची ताकद मोजली तर विमानाचं ॲल्युमिनियम काचेच्या तीसपटीहून पुढे आहे.

त्यात भर पाण्याची. काचेवर ताण असताना हवेतली वाफ चिरेच्या टोकाशी जाऊन सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध एकेक करून तोडत राहते. आज सोसलेला भार काच वर्षाने सोसेलच असं नाही. आणि तुमच्या यानात काचेच्या आतल्या अंगाला कोण आहे? उसासे टाकणारे नायक-नायिका. त्यांचा दमट श्वास त्याच अंगाला लागतोय, आणि ते अंग अखंड ताणलेलं आहे. निर्वात बाजूची काच त्या मानाने सुखात असते.

अंतराळस्थानकाचा तो घुमट, ज्याला कुपोला म्हणतात, याच भीतीतून घडला आहे. इटलीत तुरिनला बनला, २०१० च्या फेब्रुवारीत वर गेला. व्यास तीन मीटरला जरा कमी, वजन पावणेदोन टनांच्या पुढे. त्यात सात खिडक्या आहेत: सहा कडेला आणि मधली गोल, ८० सेंटिमीटरची. फोटोत एक काच दिसते, प्रत्यक्षात प्रत्येक खिडकीत थरांची उतरंड आहे. सगळ्यात आतली पातळ काच फक्त कॅमेरे आणि कोपरांचे ओरखडे झेलायला. मग २५ मिलिमीटरच्या दोन, दाब धरणाऱ्या. एक दगावली तर दुसरी. आणि बाहेरची चौथी, कचऱ्याचा मार खायला. वर झडपा, त्या काम नसताना बंद. इतकं सगळं करून बाकीचा सांगाडा धातूचाच. मला त्या घुमटाचं कौतुक काचेपेक्षा त्या सांगाड्यासाठी जास्त आहे, पण फोटो कुणी सांगाड्याचे काढत नाही.

बाहेरचा मार म्हणजे काय ते १९८३ साली कळलं. चॅलेंजर शटलच्या जूनमधल्या फेरीत समोरच्या काचेला सुमारे चार मिलिमीटरचा खड्डा पडला. तपासात निघालं की आदळला होता रंगाचा पोपडा, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा. कक्षेतला कचरा सेकंदाला दहा किलोमीटरच्या आसपास वेगाने भेटतो, तिथे रंगही गोळी होतो. ती काच बदलावी लागली. २०१६ मध्ये कुपोलाच्या एका काचेलाही सात मिलिमीटरचा टवका उडाला, तिथले ब्रिटिश अंतराळवीर टिम पीक यांनी त्याचा फोटो पाठवला होता. तुमच्या यानाला अशी ३१४ चौरस मीटर काच आहे आणि झडप एकही नाही.

आता पारदर्शक ॲल्युमिनियम. धातू म्हणून ॲल्युमिनियम पारदर्शक होत नाही. त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाला आत शिरू देत नाहीत, परतवून लावतात. (२००९ साली हॅम्बुर्गच्या एका प्रचंड लेझरने ॲल्युमिनियम खरोखर पारदर्शक केलं गेलं. पण तेही फक्त अतिनील टोकाच्या प्रकाशाला, आणि सेकंदाच्या अब्जांशाच्याही दहा हजाराव्या हिश्श्यापेक्षा कमी वेळ. कथेला पुरायचं नाही.) या नावाने जे ओळखलं जातं ते ॲल्युमिनियम, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचं सिरॅमिक आहे, व्यापारी नाव ॲलॉन. चिलखती काच आणि क्षेपणास्त्रांच्या नाकाच्या टोप्या करायला वापरतात. भुकटी दाबून, भट्टीत भाजून, मग तासन्‌तास घासून पॉलिश करून त्याचे तुकडे होतात, आणि ते खिडकीच्या मापाचेच होतात. काचेपेक्षा पुष्कळ कठीण. तो काचेच्या तिप्पट ताण सोसेल असं उदारपणे धरलं तर तुमचं कवच आठ मिलिमीटरचं होईल, पण ॲलॉन काचेहून जड असल्याने वजन साडेनऊ टनांच्या आसपास राहील. फायदा आहे. फक्त कठीण म्हणजे चिवट नव्हे. चीर थोपवण्यात ॲलॉन काचेपेक्षा दोन-तीन पट बरा, ॲल्युमिनियमच्या पासंगालाही पुरत नाही. नीलमण्याचं, म्हणजे सफायरचं, तेच.

शिवाय ‘अखंड’ हा शब्द. दहा मीटरचा अखंड गोल ओतणार कसा? पालोमारच्या दुर्बिणीचा पाच मीटरचा आरसा १९३४ साली अमेरिकेत कॉर्निंगला ओतला. पहिला फसला, दुसरा जमला, आणि तो दुसरा तडा न जाता थंड व्हावा म्हणून भट्टीतच दहा महिने हळूहळू निववत ठेवला. तो तर नुसती तबकडी होता, त्यावर दाब नव्हता. तुमचा गोल तुकड्यांचा करावा लागेल. तुकडे आले की सांधे आले, सांध्यांना धातूच्या चौकटी आल्या, आणि फिरून तुम्ही कुपोलापाशीच आलात.

उन्हाचं बोलायचं राहिलं. पृथ्वीजवळ सूर्याकडून दर चौरस मीटरला १,३६१ वॉट येतात. तुमच्या गोलाची सावली साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मीटरची, म्हणजे आत शिरणारं ऊन शंभर किलोवॉटच्या वर. अंतराळस्थानकाची अमोनियावर चालणारी मोठी शीतनयंत्रणा ७० किलोवॉट बाहेर फेकते, त्यावरून अंदाज करा. काच ऊन आत घेते, पण आतल्या वस्तूंची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर जाऊ देत नाही. काचा लावून मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी, तसं. यान कायम उन्हात असेल तर आतलं सरासरी तापमान पन्नास अंशांपुढे जाईल असा माझा ढोबळ हिशेब आहे. अंतराळवीरांच्या शिरस्त्राणावर सोन्याचा पातळ मुलामा असतो तो याचसाठी. तो दिलात तर यान आतून पारदर्शक राहील आणि बाहेरून लखलखीत आरसा दिसेल. हे मात्र कथेत वापरा, फुकट आहे.

एवढं ऐकून कथा फाडू नका. काच ताणात लंगडी असली तरी दाबात पहिलवान आहे. चीर उघडायला ताण लागतो. दोन्ही बाजूंनी दाबलं तर चिरेचे ओठ मिटलेलेच राहतात. आमच्या साईट ग्लासचं सगळं गुपित हेच. पोलादाच्या कड्यात बोरोसिलिकेट काच वितळवून बसवायची आणि दोघांना एकत्र निवू द्यायचं. पोलाद काचेच्या दुपटीहून जास्त आक्रसतं, त्यामुळे कडं काचेला चहूबाजूंनी आवळून धरतं, जन्मभर. आतून रिॲक्टरचा दाब आला तरी तो आधी या आवळण्यातूनच वजा होतो. टेस्टिंगला अशा काचेवर मुद्दाम चीर पाडली तरी ती आरपार धावत नाही. कारखान्यात नवा मुलगा आला की आमचे फोरमन त्याला एवढंच सांगायचे, काचेला मिठीत ठेव.

तर तुमच्या यानालाही मिठी मारा. पारदर्शक गोलाभोवती धातूच्या किंवा कार्बनच्या तारांचं जाळं, इतकं ताणून आवळलेलं की आत हवा भरल्यावरही काच दाबातच राहील. पूल बांधताना काँक्रिटला आधी ताणलेल्या तारांनी दाबून ठेवतात, तत्त्व तेच. दूरून तारा दिसणार नाहीत, जवळून चांदण्यावर बारीक जाळी दिसेल. आतला दाबही उतरवा. अपोलोची माणसं चंद्राकडे जाताना एक तृतीयांश वातावरणाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये राहिली. तसं केलंत तर साध्या काचेचं कवचही आठ-नऊ मिलिमीटरवर आणि सहा टनांच्या आत येतं. शुद्ध ऑक्सिजनमध्ये आगीचं भय असतं, पण कथालेखकाला आगीचं भय ही अडचण की सोय, ते तुम्ही ठरवा.

आणखी एक सुचवू? यान जिथे उतरतं ती जागा बदला. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त असेल तर कवच आपोआप दाबात जातं. म्हणूनच समुद्रात हजार मीटर खोल जाणाऱ्या छोट्या पाणबुड्यांचा माणसं बसायचा अख्खा गोल पारदर्शक ॲक्रिलिकचा असू शकतो. शंभर वातावरणांचा दाब तो गोल आणखी घट्ट मिटवतो. सहा हजार मीटरसाठी आपल्याकडे बनत असलेल्या ‘मत्स्य’ला मात्र टायटॅनियमच लागतं. शुक्राच्या पृष्ठभागावर ९० वातावरणांहून जास्त दाब आहे. १९७८ साली तिथे गेलेल्या पायोनियर व्हीनसच्या मोठ्या प्रोबला अवरक्त किरण मोजायला जी खिडकी होती ती चक्क हिऱ्याची, साडेतेरा कॅरटची. तुमचं यान शुक्राच्या ढगांत बुडालं तर पारदर्शक कवचाला तिथे अंतराळापेक्षा बरं वाटेल. उष्णतेने माणसं भाजतील, तो भाग वेगळा.

अन् एक बारीकशी शंका. इंजिन, इंधनाच्या टाक्या, पंप, वायरी आणि संडास, यातलं काहीच पारदर्शक नाही. ते सगळं चांदण्यांच्या आड मधोमध कुठे तरी टांगावं लागेल. निदान संडासाला भिंत द्या हो.

प्रश्न : समजा असं पारदर्शक यान झालंच, तर आतल्या लोकांना चहूकडे तारे दिसतील का? मी हौशी छायाचित्रकार आहे, मला काचेची परावर्तनंच आधी आठवली. (एक वाचक, पुणे)

उत्तर : बरोबर आठवली. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरवतो. चार काचांचे आठ पृष्ठभाग झाले, म्हणजे लेप दिला नाही तर पाव हिस्सा प्रकाश वाटेतच वळला. तोही चालला असता, पण आतले दिवे चालू असले की त्यांची परावर्तनं मंद ताऱ्यांवर सहज मात करतात. कुपोलात बसून रात्रीची पृथ्वी किंवा तारे टिपणारे अंतराळवीर दिवे मालवतात आणि कॅमेऱ्याभोवती काळं कापड धरतात, तुम्ही बंद खिडकीतून फोटो काढताना हात धरता तसंच. यान उन्हात असेल तर प्रश्नच मिटला: उजळलेली पृथ्वी, यानाचाच एखादा तापलेला भाग, समोरच्याचा पांढरा शर्ट, यांतलं काहीही नजरेत असलं तरी डोळा ताऱ्यांना जुळवून घेत नाही. गोल यानात तर पलीकडच्या काचेचं वक्र परावर्तनही येणार. सर्व बाजूंनी तारे बघायचे तर प्रवाशांनी काळे कपडे घालून, अंधारात, पृथ्वीच्या सावलीत बसायचं. पृथ्वीभोवती चारशे किलोमीटरवर दीड तासाची फेरी असते, त्यातली ती सावली अर्ध्या तासाहून थोडी जास्त. तेवढं पुरे आहे, नाही का?

प्रश्न : आजी, यानाच्या खिडकीला भोक पडलं तर माणूस त्यातून बाहेर ओढला जातो का? सिनेमात तसं दाखवतात. (इयत्ता आठवी, लातूर)

उत्तर : भोक केवढं, ते आधी विचारायचं. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. दोन मिलिमीटरच्या भोकावर बोट ठेवलंस तर ते जेमतेम तीस ग्रॅमने ओढलं जाईल. कुपोलाची ८० सेंटिमीटरची खिडकी अख्खी निघाली तर तिथे पाच टनांचा जोर असेल, आणि खोलीभर हवा दोन-तीन सेकंदांत निघून जाईल. तिथे सिनेमावाले बरोबर आहेत. मधल्या मापाचं उदाहरण करून बघ: शंभर घनमीटरची खोली आणि एक चौरस सेंटिमीटरचं भोक. दाब धोक्याच्या पातळीला यायला तासाच्या आसपास वेळ मिळतो. शोधायला आणि बुजवायला तेवढा खूप आहे.

हे खरंच घडलं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये अंतराळस्थानकाला जोडलेल्या सोयुझ यानात दोन मिलिमीटरचं भोक सापडलं, खिडकीत नव्हे, धातूच्या भिंतीत. दाब हळूहळू उतरतोय हे जमिनीवरच्या लोकांना रात्रीच कळलं होतं, पण धोका नव्हता म्हणून अंतराळवीरांना झोपू दिलं आणि सकाळी सांगितलं. भोक सापडल्यावर त्यांनी ते इपॉक्सीने बुजवलं. डिसेंबरमध्ये दोघा रशियन अंतराळवीरांनी बाहेर जाऊन, सुरीने आवरण कापून त्याची दुसरी बाजू पाहिली आणि नमुने घेतले. पुढे त्याच यानातून तिघं जण सुखरूप परतले. भोक होतं तो भाग मात्र वातावरणात शिरण्याआधी नेहमीच सोडून देतात, तसा सोडला, आणि तो जळून गेला.